मंजुळे की किआरोस्तामी, आणि सरांशी थांबलेलं बोलणं

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका वाचकांनी लिहिलं आहे. वय ४१, माध्यमिक शाळेत शिक्षक. गावात त्यांचं दहा-बारा जणांचं छोटं सिनेमा मंडळ आहे. कॉलेजात ज्यांनी त्यांना मराठी शिकवलं, त्या निवृत्त प्राध्यापकांनीच, म्हणजे 'सरांनी', ते सुरू केलं. महिन्यातून एकदा सरांच्या घरी प्रोजेक्टरवर सिनेमा, मग चहा आणि चर्चा. दिवाळीनंतरच्या बैठकीत विषय निघाला: गेल्या तीस-पस्तीस वर्षांतला सर्वांत मोठा दिग्दर्शक कोण? सर म्हणाले, इराणचे अब्बास किआरोस्तामी. वाचक म्हणाले, नागराज मंजुळे. सर हसले. "अडीच सिनेमे केले की झाला का रे मोठा? 'सैराट' तर मी मध्यंतरालाच सोडला." यांचा पारा चढला. "तुम्हाला इराणमधलं खेडं दिसतं, आपल्या गावाबाहेरची वस्ती दिसत नाही," असं सगळ्यांसमोर सुनावून ते उठून आले. त्यांचं लहानपण तशाच वस्तीत गेलं आहे आणि सरांना ते ठाऊक आहे. त्यानंतरच्या एकाही बैठकीला ते गेलेले नाहीत. सरांचा फोन आला होता, तो उचलला नाही. किआरोस्तामींचा 'टेस्ट ऑफ चेरी' आपण एकदा लावला होता आणि अर्ध्या तासात झोप लागली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे. त्यांचे प्रश्न तीन. माझं मत भावनेच्या भरातलं आहे का? दोघांत खरंच मोठा कोण? आणि सरांकडे परत जायचं तर कसं?

सप्रेम नमस्कार,

तुमचे तिन्ही प्रश्न घेते, पण आधी सरांच्या हसण्याबद्दल बोलू या. पत्रात त्या हसण्याला तुम्ही एकच ओळ दिली आहे, पण बाकीचं सगळं तिथूनच आलं आहे.

'अमुक दिग्दर्शक सर्वांत मोठा' असं माणूस पोटतिडकीने म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा आणखी एक वाक्य असतं: यानं दाखवलेलं जगणं माझं आहे, आणि ते मोठ्या पडद्यावर दिसण्याच्या लायकीचं आहे. सर पहिल्या वाक्याला हसले, तुम्हाला ते दुसऱ्या वाक्याला हसल्यासारखं लागलं. सर त्या क्षणी चित्रपटांची संख्या मोजत होते आणि तुम्ही स्वतःच्या घराच्या अंगणाबद्दल बोलत होतात. एकाच प्रश्नाखाली दोन वेगळी बोलणी चालली होती. तुमचं लहानपण कुठं गेलं हे माहीत असलेल्या शिक्षकाला हे उमजायला हवं होतं, म्हणून 'दोघांचंही थोडं थोडं चुकलं' असं मी म्हणणार नाही. गुरूच्या जागेवर बसून हसणं आणि विद्यार्थ्यानं रागात उलट बोलणं, यांचं वजन सारखं नसतं. तुमचं दुखणं खरं आहे.

आता पहिला प्रश्न. तुमचं मत भावनेच्या भरातलं आहे का? असेल. पण हे विचारताना तुम्ही धरून चालला आहात की भावनेतून आलेलं मत म्हणजे कच्चं मत. मला ते पटत नाही. कुणाचंही मत सुरू होतं ते भावनेतूनच. त्यापुढं बघायचं ते इतकंच, की जे भावलं ते पडद्यावर आहे की फक्त आपल्या आठवणीत.

मंजुळेंच्या 'फँड्री'तला डुक्कर धरण्याचा प्रसंग घ्या. शाळकरी जब्याचं घरदार डुकराच्या मागं धावतंय, शाळेतली पोरं बघताहेत, जब्याला तोंड लपवायला जागा नाही. डुक्कर हाताशी येणार तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं. कुणी भाषण करत नाही, कुणी रडत नाही. राष्ट्राबद्दल, शाळेबद्दल, जब्याच्या बापाच्या आज्ञाधारकपणाबद्दल जे सांगायचं ते माणसं कशी उभी आहेत आणि जनावर कसं चालतंय एवढ्यातून सांगितलं जातं. पुढं बाबासाहेब, सावित्रीबाई यांची चित्रं रंगवलेल्या शाळेच्या भिंतीपुढून ते मेलेलं डुक्कर खांद्यावरच्या काठीला टांगून नेलं जातं, तेव्हाही कॅमेरा फक्त बघत राहतो. ही दिग्दर्शकाची कामगिरी आहे: काय दाखवायचं, कुठून, किती वेळ, आणि कुठं गप्प बसायचं. 'वस्ती खरी दाखवली' एवढंच तुम्ही सरांना म्हणालात, तर ते म्हणतील की हे विषयाचं कौतुक झालं. हा प्रसंग उलगडून सांगितलात तर त्यांना उत्तर द्यावं लागेल.

विषयाचं कौतुक करून कारागिरीकडं दुर्लक्ष करणं हा आपल्याकडचा जुना अन्याय आहे. वस्तीतून आलेल्या लेखकाला, कवीला, दिग्दर्शकाला 'दाहक वास्तव मांडलं' म्हणून पाठीवर थाप मिळते आणि शिल्पाची चर्चा दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवली जाते. मंजुळेंचे चाहतेसुद्धा नकळत हेच करतात.

'अडीच सिनेमे' या टोमण्याबद्दलही बोलायला हवं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. आपण एका चित्रपटाबद्दल बोलत नसून 'गेल्या काही दशकांतला सर्वांत मोठा' असं म्हणत असू, तर एकूण काम किती आणि ते कुठून कुठं गेलं हे बघावंच लागतं. 'पिस्तुल्या', 'फँड्री', 'सैराट', 'पावसाचा निबंध', 'झुंड': यांत दोन लघुपट आहेत आणि शेवटचा मोठा चित्रपट २०२२ चा. पण नुसत्या संख्येनंही काही ठरत नाही. चैतन्य ताम्हाणेंचे 'कोर्ट' (२०१४) आणि 'द डिसायपल' (२०२०) हे दोनच मोठे चित्रपट, आणि दोन्हींना व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाले. खुद्द किआरोस्तामी तेहरानमधल्या मुलांसाठीच्या संस्थेत, 'कानून'मध्ये, वर्षानुवर्षं लहान मुलांसाठी छोटे चित्रपट करत होते. 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम?' १९८७ चा. तेव्हा ते पन्नाशीकडं झुकले होते आणि जगातल्या फार थोड्या लोकांना त्यांचं नाव माहीत होतं. त्या वर्षी कुणी त्यांचे सिनेमे मोजले असते तर?

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला कदाचित आवडणार नाही. सर 'सैराट'मधून मध्यंतराला उठले आणि तुम्ही 'टेस्ट ऑफ चेरी'त अर्ध्या तासात झोपलात. म्हणजे त्या संध्याकाळी दोन शहाणी माणसं एकमेकांचा न पाहिलेला सिनेमा खाली पाडत होती.

'सैराट' अर्ध्यात सोडणं तर फारच वाईट. अजय-अतुलची ती चारही गाणी पूर्वार्धात आहेत. झाडं, विहीर, पक्ष्यांचे थवे, संथ गतीतलं धावणं, हे सगळं आपल्याला इतकी वर्षं लोकप्रिय सिनेमानं शिकवलेलं प्रेम आहे आणि मंजुळे ते मनापासून, पूर्ण ताकदीनं रंगवतात. मग आर्ची-परश्या हैदराबादला पोचतात आणि गाणी संपतात. पत्र्याची खोली, नळाचं पाणी, कामाचा शोध, संशय, भांडण. पूर्वार्धानं जे दिलं ते उत्तरार्ध एकेक करून काढून घेतो, आणि शेवटी आवाजही काढून घेतो. ज्यानं फक्त पूर्वार्ध पाहिला त्यानं एक झकास गाण्यांचा सिनेमा पाहिला, 'सैराट' नाही पाहिला. सरांना हे सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि तुमच्यासाठी: किआरोस्तामींची सुरुवात 'टेस्ट ऑफ चेरी'पासून करू नका. १९९७ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला (जपानी दिग्दर्शक इमामुरांच्या 'द ईल'बरोबर विभागून), म्हणून सगळे त्यालाच आधी हात घालतात. आत्महत्येचं ठरवलेला माणूस मोटारीतून टेकड्यांवर फिरत राहतो; दिवसभर शाळेत शिकवून आलेल्या माणसाला रात्री साडेदहाला तो झेपला नाही तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्ही 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम?' लावा. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत धरून ठेवेल. वर्गात मास्तर एका पोराला झापतात, कारण त्यानं गृहपाठ वहीत न लिहिता सुट्या कागदावर लिहिलाय. पुन्हा असं केलंस तर शाळेतून काढीन, अशी तंबी. घरी गेल्यावर शेजारी बसणाऱ्या अहमदच्या लक्षात येतं की त्या पोराची वही चुकून आपल्याच दप्तरात आली. वही परत करायला तो दुसऱ्या गावी धावत सुटतो. बस, एवढीच गोष्ट. पण आईला त्याचं म्हणणं ऐकूच येत नाही. आजोबा खिशात सिगारेटी असताना त्याला सिगारेटी आणायला पिटाळतात, का तर मुलाला शिस्त लागावी. मोठ्यांच्या जगात लहान मुलाचं ऐकलं कसं जात नाही, हे मी इतक्या साधेपणानं मांडलेलं दुसरीकडं पाहिलेलं नाही.

तो पाहून झाला की 'फँड्री' पुन्हा पाहा. मला वाटतं तुमचा आणि सरांचा वाद तिथं वेगळंच वळण घेईल. हे दोन दिग्दर्शक एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभे आहेत असं तुम्ही दोघांनीही गृहीत धरलंत, आणि मला तर ते चुलतभाऊ वाटतात. दोघंही कवी; मंजुळेंचा 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा संग्रह तुमच्या सरांच्या कपाटात असायला हरकत नाही. दोघांनीही अभिनयाशी संबंध नसलेल्या गावातल्या पोरांना मुख्य भूमिका दिल्या आणि त्यांच्याकडून अनुभवी नटांना जमणार नाही ते काढून घेतलं. आणि दोघांचेही शेवट पाहा. किआरोस्तामींच्या 'क्लोज-अप'मध्ये (१९९०) मोहसिन मखमलबाफ या दिग्दर्शकाचं सोंग घेतलेला एक गरीब माणूस आहे. सगळ्या प्रकरणानंतर शेवटी त्याची खऱ्या मखमलबाफशी गाठ पडते, आणि नेमका तिथंच माइक बिघडल्यासारखा आवाज तुटत राहतो. ऐकायची सगळ्यांत जास्त ओढ असते तेव्हा दिग्दर्शक ऐकू देत नाही. 'सैराट'चा शेवट आठवा: रक्तात भिजलेली लहानग्याची पावलं, आणि आवाज नाही. 'टेस्ट ऑफ चेरी'च्या शेवटी खुद्द किआरोस्तामी आणि त्यांचं युनिट टेकडीवर दिसतं आणि आपण सिनेमा बघत होतो हे आपल्याला आठवतं. 'फँड्री'च्या शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड सरळ आपल्याकडं येतो. कुणी कुणाकडून घेतलं असं मी म्हणत नाही. पण बघणाऱ्याला आरामात बसू द्यायचं नाही, हा हट्ट दोघांचा सारखाच आहे.

'सर्वांत मोठा कोण' हा प्रश्नच टाकाऊ, असं मात्र मी म्हणणार नाही. या वादामुळं माणसं सिनेमे शोधून पाहतात, एरवी कधी न पाहिलेले. फक्त तो कुस्तीसारखा निकाली निघत नाही. इथं पाठ जमिनीला लागलेली कधी दिसत नाही. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं 'साइट अँड साउंड' मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना सर्वोत्तम चित्रपट विचारतं. १९६२ ते २००२ 'सिटिझन केन' पहिला होता. २०१२ मध्ये हिचकॉकचा 'व्हर्टिगो' पहिला आला, जो १९५८ चा असूनही १९६२ आणि १९७२ च्या पहिल्या दहांत नव्हता. २०२२ मध्ये मतदारांची संख्या ८४६ वरून सोळाशेच्या वर गेली, त्यांत तरुण आणि वेगवेगळ्या देशांतले लोक आले, आणि शांताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा 'जान दिएलमान' पहिला ठरला. सिनेमे होते तेच होते. कोणाला विचारलं ते बदललं. तुमच्या बैठकीतही उत्तर कोण देतंय याला महत्त्व आहे, आणि तुम्ही तिथून उठून गेलात की एक मत कमी होतं. तुमच्यासारखं लहानपण घालवलेलं तिथं दुसरं कुणी आहे का?

या निमित्तानं एक तक्रार. तुमच्या पत्रात त्या संध्याकाळी निघालेली आठ-नऊ नावं आहेत: नोलन, वाँग कार-वाय, फरहादी, बाँग जून-हो वगैरे. त्यांत एकही बाई नाही. मराठीत बोलणाऱ्या गटात सुमित्रा भावे हे नाव निघू नये याचं मला वाईट वाटलं. 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'अस्तु', 'कासव' हे सगळे चित्रपट भावे आणि सुनील सुकथनकर यांनी जोडीनं केले. मोठा दिग्दर्शक म्हणजे एकटा माणूसच, या समजुतीला याहून चांगलं उत्तर आपल्याकडं नाही. आणि पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला २०२४ मध्ये कानला ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळाला. त्यातली छाया कदमांची पार्वती मुंबईतलं घर गमावून रत्नागिरीकडं आपल्या गावी परत जाते. पुढच्या यादीत एवढी दोन नावं तरी घ्या.

आता सरांकडे जायचं कसं. फोन तुम्ही करा. त्यांनी एकदा केला, आता पाळी तुमची आहे. मेसेज करू नका, आणि फोनवर वादाचा विषयही काढू नका. 'रविवारी घरी येतो' एवढंच सांगा, आणि बैठकीच्या दिवशी नको, ते एकटे असतील तेव्हा जा. 'सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं' हे आधी सांगून टाका, कारण जागा चुकली होती हे तुम्हालाही माहीत आहे. पण तिथंच थांबू नका. 'सर, तुम्ही हसलात तेव्हा मला असं वाटलं' हे शांतपणे, एकदाच, पूर्ण सांगा. आपण नेमकं उलट करतो: पाया पडतो आणि मुद्दा गिळतो. मग तो गिळलेला मुद्दा पुढच्या भांडणात बाहेर येतो. ज्या माणसानं निवृत्तीनंतर स्वतःच्या घरात दहा-बारा जणांना सिनेमे दाखवले आणि तुम्ही तडकून गेल्यावर आपणहून फोन केला, त्याला हे ऐकवण्यात धोका नाही असं मला वाटतं. ते हसण्यावारी नेऊ लागले तर वाद घालू नका. चहा घ्या, पुढच्या बैठकीला जा. तिथं बोलायचा तुमचा हक्क त्यांच्या पटण्यावर अवलंबून नाही.

मग त्यांच्यासमोर एक प्रस्ताव ठेवा. एका बैठकीत 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम?', पुढच्या बैठकीत 'फँड्री'. शाळेत जाणारी दोन पोरं, दोन गावं. किआरोस्तामींवर तुम्ही बोलायचं आणि मंजुळेंवर सरांनी. आपल्या नावडत्या दिग्दर्शकाची बाजू दहा मिनिटं मनापासून मांडायची म्हटली की माणूस सिनेमा वेगळ्या नजरेनं पाहतो, आणि सरांना 'सैराट'चा उत्तरार्धही बघावा लागेल.

असे गट चालवणाऱ्या इतरांनाही एवढं सुचवते: नाव घेण्याआधी प्रत्येकानं आपलं माप सांगावं. कुणाला नवी दृश्यभाषा महत्त्वाची वाटते, कुणाला सातत्य, कुणाला प्रेक्षकांपर्यंत पोचणं. माप न सांगता नोलन आणि किआरोस्तामी यांची तुलना करणं म्हणजे रात्र वाया घालवणं. आणि प्रत्येक दाव्यामागं एक प्रसंग हवा, शक्यतो तिथल्या तिथं लावून दाखवलेला. पुरस्कारांची यादी आणि गल्ल्याचे आकडे मोबाइलवरून वाचून दाखवायला बंदी असली तरी चालेल. जो सिनेमा पूर्ण पाहिला नाही त्याच्याविरुद्ध बोलायचं नाही, हा नियम मात्र कडक पाळा.

राहिला तुमचा मधला प्रश्न. तो टाळणार नाही. माझं उत्तर किआरोस्तामी. म्हणजे नाव सरांचंच, पण कारण सरांचं असेल असं नाही. १९९० च्या भूकंपात इराणमधला कोकेर परिसर उद्ध्वस्त झाला, तेव्हा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम?'मधली मुलं जिवंत आहेत का हे बघायला किआरोस्तामी तिकडं गेले, आणि त्या शोधावर 'अँड लाइफ गोज ऑन' केला. पुढं 'द विंड विल कॅरी अस'मध्ये (१९९९) शहरातला एक माणूस कुर्दी खेड्यात एका म्हातारीच्या मरणाची वाट बघत बसतो, तिथला शोकविधी चित्रित करायला मिळावा म्हणून. दुसऱ्याचं दुःख टिपायला मी कोण, हा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःलाच विचारला. ते खेड्यात कायम मोटारीतून, बाहेरून येतात, आणि हे ते लपवत नाहीत. 'तुम्हाला इराणमधलं खेडं दिसतं' असं तुम्ही सरांना रागानं म्हणालात. तो आरोप किआरोस्तामींनी स्वतःवर तुमच्या आधी केला होता. मंजुळे जेऊरचे, करमाळा तालुक्यातले. ते बाहेरून आलेले नाहीत. ज्यांच्याकडं कॅमेरा रोखला जायचा त्यांच्यातल्याच एकानं तो हातात घेतला की काय होतं, ते 'फँड्री'त दिसतं, आणि ते किआरोस्तामींना करता येण्यासारखं नव्हतं. किआरोस्तामी २०१६ मध्ये गेले, त्यांचं काम पूर्ण होऊन आपल्यासमोर आहे. मंजुळेंचं अजून चालू आहे, त्यामुळं दहा वर्षांनी तुम्ही हाच प्रश्न विचारलात तर माझं उत्तर हेच असेल असं मी लिहून देणार नाही. 'द विंड विल कॅरी अस' मात्र 'फँड्री'नंतरच्या बैठकीत लावा, आधी नको. सरांनीही तो त्या क्रमानं पाहिलेला नसेल.